वर्डमध्ये मजकुराला चौकट: पॅराग्राफ बॉर्डर, टेक्स्ट बॉक्स की एका घराचं टेबल?

आमच्या भजनी मंडळाची पुस्तिका मी वर्डमध्ये लावतो. प्रत्येक अभंग चौकटीत, त्याच चौकटीत खाली अर्थ आणि अवघड शब्दांना तळटिपा, एवढीच मागणी. पण तेवढ्यासाठी तिन्ही मार्ग वापरून झाले आहेत, म्हणून लिहितो.

पॅराग्राफ बॉर्डर सगळ्यात सरळ. स्टाइलमध्ये, म्हणजे नाव देऊन जपलेल्या परिच्छेदाच्या मांडणीत, एकदा बसवली की पुस्तिकेतल्या सगळ्या चौकटींची रेघ एका जागेवरून बदलता येते. हे सुख टेक्स्ट बॉक्समध्ये नाही आणि टेबलात वेगळी टेबल स्टाइल केली तरच मिळतं, हे आधीच मान्य करतो. मजकूर आणि रेघ यांतलं मूळ अंतर डावी-उजवीकडे ४ पॉइंट आणि वर-खाली फक्त १ पॉइंट असतं. देवनागरीला हे फारच कमी पडतं. वेलांट्या, मात्रा, रफार वरच्या रेघेला खेटल्यासारखे दिसतात, उकार खालच्या. बॉर्डरच्या खिडकीतल्या ऑप्शन्समध्ये जाऊन मी ते ६ करतो. जास्तीत जास्त ३१ पॉइंट देता येतात, म्हणजे साधारण ११ मिलिमीटर. त्यापुढचा आकडा वर्ड घेत नाही. शिवाय मजकूर जागचा हलत नसल्यामुळे उभ्या रेघा समासात जातात; दोन्हीकडून इंडेंट देऊन, म्हणजे परिच्छेद समासापासून आत सरकवून, त्या आत ओढाव्या लागतात.

इथवर माझी तक्रार नव्हती. माझं मन बदललं ते इंडेंटमुळेच. अभंगाचे चरण थोडे आत आणि अर्थ डाव्या कडेपासून, अशी आमची मांडणी. लागोपाठच्या परिच्छेदांची बॉर्डर आणि इंडेंट सारखे असले तरच वर्ड त्यांना एका चौकटीत घेतो. इंडेंट वेगळा झाला की चौकट तुटते आणि एकाच्या दोन होतात, तीही वेगवेगळ्या रुंदीच्या. चौकटीत बुलेटची यादी टाकून पाहा, हेच होईल. मी इंडेंट सगळीकडे सारखा ठेवून चरणांना टॅब दिला. छोट्या चरणांना ते चाललं. लांब चरण दुसऱ्या ओळीवर गेला की ती ओळ पुन्हा डाव्या कडेला यायची. छापायच्या आदल्या रात्री अशा ओळी शोधत बसलो होतो, तेव्हाच हा नाद सोडला.

टेक्स्ट बॉक्स दिसायला सगळ्यांत देखणा. गोल कोपरे हवे असतील तर तोच घ्यावा. ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ केला की जागाही सोडत नाही. पण त्यात तळटीप घालता येत नाही आणि बॉक्स पानाच्या शेवटी तुटून पुढच्या पानावर जात नाही. मुखपृष्ठावर किंवा एखाद्या सूचनेसाठी मी आजही तोच वापरतो, अभंगांसाठी नाही.

राहिलं एका घराचं टेबल. आत इंडेंट कसाही असो, चौकट एकच राहते. तळटीप घेते, पान संपलं तर पुढे जाते. आतलं अंतर सेलच्या (म्हणजे त्या घराच्या) मार्जिनमधून देता येतं, तिथे ३१ ची अडवणूक नाही. टेबल स्टाइलच्या वाटेला न जाता मी असं करतो: एक टेबल मनासारखं करून, निवडून, ऑल्ट आणि एफ३ दाबून जपून ठेवतो आणि लागेल तिथे आणतो. अर्थात, असं केल्यावर नंतर रेघेची जाडी बदलायची ठरली तर प्रत्येक टेबल हाती घ्यावं लागतं. त्यामुळे तुमच्या चौकटीत एकसारखे सरळ परिच्छेदच असतील, तर पॅराग्राफ बॉर्डर पुरेशी ठरावी. आत चरण, यादी, तळटीप असं काहीही मिसळणार असेल, तर मला टेबलच बरं वाटतं.

परिच्छेदाऐवजी एखाद्याच शब्दाला रेघ हवी असेल तर गोष्ट वेगळी. वर्डमध्ये शब्दाची चौकट चारही बाजूंनीच येते आणि तिचं अंतर बदलता येत नाही. वर्डसारख्याच, पण मोफत असलेल्या लिब्रेऑफिस रायटरमध्ये ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, प्रत्येक बाजू वेगळी देता येते, अंतरही. मात्र वर्डच्या फाइलमध्ये या चौकटीसाठी एकच नोंद असते, बाजूंचा हिशेब तिच्यात मावत नाही. छापखान्याला पीडीएफ देणार असाल तर हरकत नाही. फाइल पुढे दुसरं कुणी वर्डमध्ये उघडणार असेल तर मी हा मार्ग घेणार नाही.

टेबल घेतलंत तर एक लक्षात ठेवा. फाइल टेबलानं संपत असेल तर त्यानंतर वर्ड एक रिकामा परिच्छेद ठेवतोच आणि ते टेबल पान भरून असेल तर त्यापायी एक कोरं पान वाढतं. त्या परिच्छेदाचा फॉन्ट १ पॉइंट करा आणि त्याच्या आधी-नंतरचं अंतर शून्य ठेवा.