मागणी खरी होती, गिऱ्हाईक खोटं

जळगाव एमआयडीसीत माझं एचडीपीई पाइपचं छोटं युनिट आहे. दिवाळीनंतर एक फोन आला. आखाती तेलक्षेत्राला आरटीपी पाइप पुरवणाऱ्या कंपनीचा खरेदी अधिकारी, बोलणं एकदम गोड. त्याला माझा पाइप नकोच होता, प्लास्टिकचा एक खास दाणा (कच्चा माल) हवा होता.

आरटीपी म्हणजे आत पॉलिथिलीनची नळी, तिच्यावर काचतंतूंचे किंवा अ‍ॅरामिड या मजबूत कृत्रिम तंतूंचे पट्टे गुंडाळलेले आणि वर पुन्हा पॉलिथिलीन. तेलविहिरीवरच्या खाऱ्या पाण्याने पोलाद सडतं, हा सडत नाही. रिळावर शेकडो मीटर एकसंध येतो, म्हणून जोडही कमी. म्हणजे मागणी आहे, यात खोट नाही. पॉलिथिलीन काचेला धरत नाही, त्यासाठी मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड हे रसायन जोडलेला दाणा वापरतात, हेही खरंच. गडी एवढं सगळं बरोबर बोलला आणि मी तिथेच पाघळलो.

"भाऊ, आमचा पुरवठादार परदेशी बिल करत नाही. तुम्ही मधे या. तो किलोला ११०० ने देईल, आम्ही १८५० ने घेऊ."

आधी २५ किलो नमुना मागवला, २७,५०० रुपये मोजले. त्या कंपनीचा तपासणीस म्हणून एक जण स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला. त्याने चार दाणे तळहातावर घेतले, चोळले, हुंगले आणि पास म्हणाला. जवळ साधा वजनकाटाही नाही! लगेच ४०० किलोची ऑर्डर. हिशेबाने तीन लाख सुटत होते. पुरवठादाराला ४,४०,००० आगाऊ पाठवले, तेही कुणा व्यक्तीच्या नावच्या खात्यावर, कारण 'कंपनीचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय'. एरवी मी ओळखीच्याला एक गोणी उधार देत नाही.

माल आला आणि साहेबांचा फोन बंद. पुरवठादाराचाही.

त्या रात्री स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घेतली, दोन थरांत दाणे घातले आणि वरून इस्त्री दाबली. खरा दाणा फॉइलला घट्ट धरतो. हा गार झाल्यावर सालीसारखा अलगद सुटून आला. साध्या पॉलिथिलीनचा (एलडीपीई) दाणा, पिवळसर रंग दिलेला. मग जीएसटीच्या पोर्टलवर पुरवठादाराचा नंबर टाकला: नोंदणी तीन महिन्यांची, धंदा तयार कपड्यांचा. हे पाहायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

पाइपच्या चाचण्या करणारा एक वर्गमित्र ऐकून हसलाच. "अरे, असा तंतूंचा पाइप एपीआय १५एस या मानकाप्रमाणे पास करायचा तर दहा हजार तासांच्या दाबचाचण्या लागतात, वर्ष उलटून जातं. त्यातला दाणा फोनवरून कोणी बदलतं का? तेही जळगावच्या दलालाकडून?" दलाल हा शब्द लागला, पण मी तेच करायला निघालो होतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर चौथ्या दिवशी फोन केला, लाज वाटत होती म्हणून. तोवर पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते, ३१,००० तेवढे गोठवता आले. त्याच संध्याकाळी केला असता तर कदाचित जास्त अडकले असते.

गोण्या एका चटईवाल्याने साध्या दाण्याच्या भावाने उचलल्या. मागच्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवाल्याला तसाच फोन आला. या वेळी माल औषधी बियांचा, पण रेट तोच, १८५०.