ब्लॅक झोनचा टॅक्स मागणाऱ्यापासून सावध राहा, सोलापूरच्या पोरांचे पैसेही गेले आणि मालही

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, धाराशिव आणि तिकडं विजापूरपर्यंतची जी पोरं अल्बियन ऑनलाईन हा गेम खेळतात आणि ब्लॅक झोनमध्ये (मॅपच्या काळ्या, धोक्याच्या भागात) गॅदरिंगला म्हणजे माल गोळा करायला जातात त्यांच्यासाठी हे लिहितोय, जमलं तर पुढं पाठवा. मराठीत गोड बोलणारा एक जण डिस्कॉर्डवर (गेमवाल्यांचं चॅट ॲप) गॅदरर पोरांना गाठतो, हा एरिया आमच्या अलायन्सचा म्हणजे प्लेअरांच्या युतीचा आहे, टॅक्स द्या आणि बिनधास्त माल काढा म्हणतो, आणि शेवटी सिल्व्हर (गेममधले पैसे), माल, खरे रुपये सगळं गोळा करून गायब होतो. आमच्या ग्रुपचे मिळून १८ हजार रुपयांच्या वर गेलेत, त्यातले सगळ्यात जास्त माझ्या मावसभावाचे, तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही. त्या माणसाचा आयडी इथं टाकत नाही कारण तो सारखा नवीन कॅरेक्टर काढतोय, डिस्कॉर्डचं नाव तर रोज बदलतं. नाव बघत बसू नका, पद्धत बघा.

जे खेळत नाहीत त्यांना थोडक्यात सांगतो, कारण काही पोरांचे आईवडील पण वाचतील. हा गेम २०१७ ला आला, २०२१ ला मोबाईलवर आला आणि २०२३ ला आशियाचा वेगळा सर्व्हर चालू झाल्यापासून आपल्याकडं पिंग बरा लागतो, गेम अडकत नाही, म्हणून पोरं वाढली. मॅपवर निळा झोन सेफ, पिवळ्यात हरलात तर नुसते खाली पडता, लाल आणि काळ्यात मेलात की अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं जातं. वरच्या टिअरचा म्हणजे वरच्या दर्जाचा माल भरपूर हवा तर काळ्यातच जावं लागतं. तिथल्या टेरिटरी म्हणजे जमिनी गिल्डांच्या (प्लेअरांच्या टोळ्यांच्या) ताब्यात असतात, त्यांच्यात सारखी मारामारी, आज ह्याची तर पुढच्या आठवड्यात त्याची. आमच्यासारखी पाचसहा पोरांची गिल्ड तिथं लढू शकत नाही, विळा घेऊन फायबर (कापडाचा कच्चा माल) काढायचं आणि कुणी दिसलं की पळायचं एवढंच. दिवसभर लूमवर उभं राहून आलेला पोरगा रात्री दोन तास बसून बैलावर माल भरतो आणि एका मिनिटात सगळं जातं, अशा पोराला कुणी म्हणलं की चौथा हिस्सा दे, तुला कुणी हात लावणार नाही, तर तो ऐकणारच ना.

आणि असले टॅक्स खोटे नसतात हो, म्हणूनच तर पटतं. ईव्ह ऑनलाईन हा अंतराळातला गेम २००३ पासून चालू आहे, त्यात नलसेक म्हणून जो भाग आहे तो प्लेअर लोकांच्या ताब्यात, मोठ्या अलायन्स तिथल्या सिस्टिम जिंकतात आणि ज्या स्वतःला लागत नाहीत त्या छोट्या कॉर्पोरेशनना (तिथल्या गिल्डना) इस्कमध्ये म्हणजे त्या गेमच्या पैशात भाड्यानं देतात. चंद्रावरच्या खाणींचं २०१७ ला बदललं, तेव्हापासून ज्याची रिफायनरी त्याला लेजरमध्ये म्हणजे नोंदवहीत दिसतं कोणी किती खोदलं, त्यावर तो टॅक्स लावतो. पण बघा, बाऊंटीच्या म्हणजे गेममधले शत्रू मारून मिळणाऱ्या पैशातून कॉर्पोरेशनचा टॅक्स गेम आपोआप कापतो, खनिजावरचा कापत नाही, तो माणसानंच मागायचा आणि माणसानंच द्यायचा. त्याच गेममध्ये २०१२ पासून न्यू ऑर्डर नावाच्या टोळीतले प्लेअर हायसेक म्हणजे जास्त सुरक्षित भागातल्या खाणवाल्यांना वर्षाला १ कोटी इस्कचं परमिट विकायचे, नाही घेतलं तर जहाज उडवायचे, आणि घेतलं तरी आमचा नियम मोडला म्हणून परमिट रद्द करायचे. हायसेक काही त्यांच्या मालकीचा नव्हता, तो गेमच्या एम्पायरचा, तरी वसुली चालली. कोरियात लिनेज २ ह्या गेमच्या बार्ट्झ सर्व्हरवर २००४ ला एका दांडग्या गिल्डनं शिकारीच्या जागा अडवून टॅक्स वाढवला तेव्हा साधे, कमी लेव्हलचे प्लेअर झुंडीनं एकत्र येऊन लढले होते. म्हणजे ताब्यातल्या जमिनीवर टॅक्स मागणं हा ह्या गेमांचाच भाग आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. जो रात्र रात्र जागून टेरिटरी राखतो त्यानं हिस्सा मागितला तर द्यायचा का नाही हे ज्याचं त्यानं बघावं. आमच्याकडं आलेल्या माणसाकडं मात्र एक इंच जमीन नव्हती.

तो आला तेच मराठीत. आमच्या एका पोराला मेसेज, भावा सोलापूरचा का, माझी आत्या जुळे सोलापुरात असते. मग म्हणला तुमची पोरं आमच्या एरियात फायबर काढताना दिसली, वरून मारायची ऑर्डर होती, पण नावं मराठी बघून मीच थांबवलं. आणि त्या टॅक्सला तो चौथ म्हणायचा. मराठे जसे उत्पन्नाचा चौथा हिस्सा घ्यायचे आणि वर सरदेशमुखीचा दहावा, तसं आपण इथं चालवतोय, गोऱ्यांच्या गेममध्ये मराठी राज्य. हे ऐकून आमच्या पोरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हिशेबाला त्यानं गूगल शीट बनवली होती, प्रत्येकाचं नाव, कोणत्या टिअरचं फायबर किती, चौथ किती, भरली असेल तर रकाना हिरवा, राहिली तर लाल. मावसभाऊ रात्री झोपायच्या आधी आपला रकाना हिरवा झाला का बघायचा. कंपनीत पगारपत्रक असतं तशी ती शीट, त्यामुळं कुणालाही वाटावं की मागं मोठी यंत्रणा आहे.

सुरुवातीचे आठवडे सगळं बोलल्यासारखं झालं. त्याच्या गिल्डचं नाव लावलेले दोनचार घोडेस्वार यायचे, जवळून जायचे, हात हलवायचे आणि पुढं. आमच्यातल्या दोघांनी चौथ भरली नव्हती, त्यांना त्याच मॅपवर वेगळ्याच गिल्डच्या पोरांनी मारलं, आणि ह्याचा लगेच मेसेज, बघा, म्हणून म्हणत होतो. त्या दोघांनी त्याच रात्री भरली. आता कळतंय की मारणारेही त्याचेच होते. अल्बियनचं किलबोर्ड सगळ्यांना उघडं असतं, कोणी कोणाला मारलं, सोबत कोण होतं सगळं दिसतं, आणि त्यात मागं जाऊन बघितलं तर हात हलवून जाणारा एक घोडेस्वार आणि आमच्या पोरांना मारणारे दोघं हे आधी एका तिसऱ्याच माणसाला मारताना एकत्र होते. हे तिथं आधीपासून लिहिलेलं होतं, कुणीही बघू शकलं असतं, पण असं बघायचं असतं हे आमच्यातल्या कुणाला कुणी सांगितलेलंच नव्हतं, म्हणून मी सांगतोय. टॅक्स मागणाऱ्याचं आणि त्याला नाही म्हणल्यावर जो मारतो त्याचं, दोघांचं किलबोर्ड शेजारी ठेवून बघा.

मग रुपये चालू झाले. म्हणला सीझन संपत आलाय, अलायन्सला डिफेन्सला खर्च आहे, पुढच्या सीझनची चौथ आगाऊ लागेल, आणि एवढं सिल्व्हर एकदम इकडून तिकडं गेलं की अकाऊंट फ्लॅग होतं (गेमवाल्यांना संशय येतो), त्यापेक्षा यूपीआय करा, रुपयांत निम्म्यात बसवतो. वर माणशी हजार रुपये अनामत, सीझन संपला की परत. इथं थांबून एक सांगतो, अल्बियनमध्ये काय, ईव्हमध्ये काय, गेममधली वस्तू किंवा करन्सी प्लेअरनं प्लेअरला खऱ्या पैशात विकायची नाही असा नियम आहे, त्यावर बॅन बसतो. ह्या माणसाला ते पक्कं माहीत होतं, आणि त्याचा डाव तिथंच होता. रुपये एकदा दिले की पोरगा गेमवाल्यांकडं तक्रार करायला घाबरणार.

शेवटचा घाव त्यानं गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात घातला. संक्रांतीच्या त्या दिवसांत सोलापुरातला पोरगा घरात सापडत नाही, कुणी नंदीध्वजाबरोबर, कुणी होम मैदानावर, कुणाच्या घरी पाहुणे. ह्यानं मेसेज टाकला की अलायन्सचा काफिला लिमहर्स्टला चाललाय, फायबरचं कापड करायला तिथं जास्त मिळतं (हे खरं आहे, फायबरच्या रिफायनिंगचा बोनस त्याच शहरात आहे), तुम्ही सणात आहात तर सगळ्यांचा साठलेला माल माझ्या कॅरेक्टरला ट्रेड करा, वीस जणांच्या संरक्षणात नेतो, कापड करून देतो. पोरांनी साठवलेलं सगळं दिलं. ट्रेड विंडोमध्ये समोरच्या बाजूला काहीच नाही, आपल्या बाजूला सगळा माल, आणि दोघांचं ॲक्सेप्ट. असा ट्रेड झाला की तो तुम्ही राजीखुशीनं दिलेला माल, त्याची पावती नाही, तारण नाही. दुसऱ्या दिवशी शीट उघडेना, डिस्कॉर्डवरून सगळे बाहेर.

एवढ्यावर थांबला असता तर निदान बरं. दोन दिवसांनी मावसभावाला दुसऱ्याच नावानं मेसेज आला की तो माणूस फ्रॉड होता, आम्ही अलायन्सचे खरे लोक, तुमची अनामत परत करतोय, हा क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केला, पिन टाकला, आणि होते ते पण गेले. भावांनो, आईवडिलांनो, पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच, मग समोरचा रिफंड म्हणो, अनामत म्हणो नाहीतर बक्षीस म्हणो.

मग मी त्या टेरिटरीच्या खऱ्या गिल्डच्या डिस्कॉर्डवर गेलो. तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, तुमचा हा माणूस आहे का. त्यांच्या ऑफिसरनं सरळ सांगितलं की आम्ही कुणाकडून टॅक्स घेतच नाही, आमच्या एरियात परका दिसला की मारतो. आणि त्यानंच दाखवलं की ह्याच्या गिल्डच्या नावात स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय आहे. फोनच्या स्क्रीनवर दोन्ही उभ्या रेघा, डोळे फाडून बघितलं तरी फरक कळत नाही. तो वर्ल्ड मॅप उघडून बघ म्हणला, खऱ्या गिल्डच्या नावावर टेरिटरी दिसतात, ह्याच्या नावावर एक पण नाही. आणि वर्ल्ड मॅपवर ती टेरिटरी मधल्या काळात तिसऱ्याच गिल्डकडं गेली होती, तरी आमची चौथ चालूच होती. एवढं तरी धरून ठेवा, मालक कोण हे मागणाऱ्याला विचारायचंच नाही, मॅपला विचारायचं, आणि नाव डोळ्यानं जुळवायचं नाही, मॅपवरच्या नावावर टॅप करून प्रोफाईल उघडायचं. दुसरं म्हणजे अल्बियनमध्ये परमिट अशी काही सोयच नाही, गिल्डचा टॅक्स जो आपोआप कापला जातो तो आपल्याच मेंबरच्या सिल्व्हरवर असतो, बाहेरच्याला नाही. ब्लॅक झोनमध्ये तुमच्या पार्टीत, गिल्डमध्ये, अलायन्समध्ये नसलेला प्रत्येक जण तुम्हाला मारू शकतो, परमिटवालासुद्धा. त्यामुळं बाहेर ठेवून संरक्षण देतो म्हणणारा नुसता शब्द विकतोय. खरंच देणारा असेल तर आधी आत घ्या म्हणा, आणि मग बघा कसा विषय बदलतो.

तक्रार करतो म्हणल्यावर त्या भामट्याचा व्हॉइस मेसेज आला, करा की, तुम्हीच रुपयांत व्यवहार केलाय, सगळ्यांची अकाऊंट उडवतो आणि घरी पण कळवतो. दोन पोरं तिथंच गप बसली. त्यांना मी तेच सांगितलं जे तुम्हाला सांगतोय, अकाऊंट गेलं तर जाऊ दे, ते परत बनतं, कारखान्यात घाम गाळून आणलेले पैसे आहेत ते. आणि पैसे लुबाडल्याची तक्रार गेमवाल्यांकडं नसतेच, ती पोलिसांकडं. पैसे गेले की लगेच १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन लावायचा, उशीर केला की पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असे निघून जातात आणि गोठवायला काही राहत नाही. केंद्र सरकारच्या नॅशनल सायबर क्राईम पोर्टलवर ऑनलाईन पण होते. यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर बारा आकडी यूटीआर नंबर असतो तो लिहून घ्या, चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ दिसली पाहिजे, व्हॉइस मेसेज असेल तर सेव्ह करा. आमच्याकडं शीटचे जुने स्क्रीनशॉट मावसभावाच्या फोनमध्ये होते, रकाना हिरवा झाला की तो आनंदानं काढून ठेवायचा, ते आता पुरावा म्हणून लावलेत. त्याला घरी कुणी रागावू नका असं मी मावशीला बसून सांगितलं, कारण पोरगं दोन दिवस जेवलं नव्हतं. लुटणारा सोडून लुटलेल्याला शिव्या घालायची आपल्याकडं फार सवय आहे, ती सोडा, नाहीतर पुढच्या वेळी पोरगं सांगणारच नाही.

आमची तक्रार नोंदली आहे, ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो तिच्यात आहे. चौथ, परमिट, अनामत असल्या नावानं तुमच्याकडून कुणी घेतलं असेल तर मला मेसेज करा, यूपीआय आयडी जुळवून बघू, जुळला तर तुमची तक्रार करताना आमच्या तक्रारीचा नंबर टाका. सोलापुरात असाल तर रविवारी दुपारनंतर मी सात रस्त्याला असतो, फोन आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन या, काय काय जोडायचं ते दाखवतो.