मुलांच्या खोलीतला रात्रीचा फोन: राउटर बंद की फॅमिली लिंक?

फॅमिली लिंक म्हणजे मुलाचा फोन पालकांना आवरता यावा म्हणून असलेलं गूगलचं ॲप. खर्च दोन्हींत सहसा शून्य. फरक पळवाटांत.

राउटरच्या पेरेंटल कंट्रोलमध्ये १० ते ६ वेळ लावली की त्यात निवडलेल्या फोन, टॅब, टीव्ही, गेमिंग कन्सोल सगळ्यांचं इंटरनेट तुटतं. पण मोबाइल डेटा आणि डाउनलोड केलेले गेम चालूच! शिवाय राउटर फोनला त्याच्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून) ओळखतो. अँड्रॉइड १० पासून फोन सहसा वायफायला खरा मॅक पत्ता देत नाही, त्यामुळे खऱ्या मॅकने नोंदवलेला फोन राउटरला नवाच दिसू शकतो. म्हणून वायफायच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'डिव्हाइस मॅक' निवडा.

फॅमिली लिंकचा डाउनटाइम (ठरवून दिलेली बंद वेळ) अँड्रॉइड फोनच लॉक करतो. सिम असलं तरी. आलेला कॉल घेता येतो. टीव्ही मात्र मोकाट, आयफोनला तर ॲपलचा 'स्क्रीन टाइम'च हवा.

सिमवाला अँड्रॉइड: फॅमिली लिंक. बिनसिमचा टॅब, कन्सोल: राउटर.