हिऱ्याचे टॉप्स: पुशचे घ्यावेत की फिरकीचे?

बायकोसाठी हिऱ्याचे टॉप्स घ्यायचं ठरलं की माणूस आठ दिवस हिऱ्याचाच अभ्यास करतो. सोनं आम्हा सांगलीकरांना कळतं. गाडगीळांची पेढी १८३२ साली याच गावात सुरू झाली, तेव्हापासून घराघरात ते कळतं. हिऱ्याचं तसं नाही. त्यामुळे मीही रात्री जागून कट, कलर, क्लॅरिटी सगळं पाठ केलं आणि परीक्षेला निघाल्यासारखा सराफ कट्ट्यावर गेलो. खडे पसंत झाले, भाव झाला, आणि बिल करता करता सराफानं मान वर न करता विचारलं, "मागं पुश ठेवू का फिरकी?"

मी म्हणालो, "जे तयार असेल ते द्या."

त्या एका वाक्याची किंमत पुढं सव्वा वर्ष मोजली. पुश, म्हणजे मागून नुसतं दाबून बसवायचं बूच, तयार होतं, तेच मिळालं. नंतर त्याच टॉप्सना फिरकी, म्हणजे स्क्रूसारखं आट्यांवर फिरवून बसवायचं बूच, करून घेतली, तिलाही आता दोन वर्षं होऊन गेली. म्हणजे खडे तेच, कान तेच, फक्त मागची बाजू बदललेली. एवढी सरळ तुलना करायला सहसा मिळत नाही. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. कुपवाडच्या एमआयडीसीत माझी उमर लेथवर आटे पाडण्यात गेली आहे. आटे असलेल्या वस्तूकडे माझा कल असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

हिऱ्याचं आधी उरकून टाकू. अर्ध्या कॅरटची जोडी म्हणजे एकेका कानात २५ सेंटचा खडा, रुंदीला साधारण चार मिलिमीटर. ५० सेंटचा घेतला तर तो पाचाच्या आसपास जातो. एका मिलिमीटरसाठी पैसे मात्र दुपटीच्याही वर. कानातलं कोणी भिंग लावून बघत नाही, हातभर अंतरावरूनच बघतात, त्यामुळे मी २५ वर थांबलो आणि कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. खाणीतला की लॅबमधला, हा वाद आमच्या घरात आईनं मिटवला. हिरा शुक्राचा, सगळ्यांना लाभत नाही, अशी तिची धास्ती. लॅबचा हिरा म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर म्हणाली, "मशिनीत केलेला होय? मग शुक्राला कुठं कळतंय!" झालं, लॅबचा आला. नुसत्या डोळ्यानं दोन्हींत फरक दिसत नाही, सराफालाही त्यासाठी यंत्र लागतं. फक्त लॅबच्या हिऱ्यात पैसे गुंतवतोय असं मनात आणू नये. हिऱ्यांच्या धंद्यातल्या डी बिअर्स कंपनीनं २०१८ मध्ये असे हिरे वेगळ्या ब्रँडखाली ८०० डॉलर कॅरट भावानं विकायला काढले होते आणि २०२५ मध्ये तो ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोडीला नेला तर सोन्याचे पैसे येतील, खड्याचे फारसे धरू नका.

आता मागच्या बाजूकडे.

पुश म्हणजे कानामागून नुसतं दाबून बसवायचं. वळवलेल्या पत्र्याची फुलपाखरासारखी पकड असते, तिच्या दोन पाकळ्या दांडीला दोन्हीकडून धरतात, आणि दांडीच्या टोकाशी असलेल्या बारीक खाचेत अडकतात. सुरुवातीचे दिवस झकास गेले. सकाळी बायको शाळेला निघताना पाच सेकंदांत कानात, रात्री दोन सेकंदांत डबीत. लग्नाला जाताना ते काढून मोत्याच्या कुड्या घालायच्या, परत आलं की हे, सगळं चुटकीसरशी. केस त्या वळणात अडकायचे, एकदा ओढणीचा धागाही अडकला, पण ते चालायचंच.

तीन-चार महिन्यांनी मला एक गोष्ट दिसायला लागली. बोलता बोलता तिचा हात कानाकडे जायचा. अंगठा आणि तर्जनी, कानाची पाळी चिमटीत धरायची, मागं जरासं दाबायचं, हात खाली. पुन्हा पाच मिनिटांनी. आधी उजवा, मग डावा. तिला विचारलं तर म्हणाली, "छे, कुठं काय करते मी?"

एका रविवारी स्कूटरवर जयसिंगपूरला तिच्या मावशीकडे निघालो होतो. आरशात मी मोजत होतो. अंकलीचा पूल येईपर्यंत सात वेळा. पुलावर वारा लागला तशी म्हणाली, "अहो, बघा ना जरा, डावा आहे का कानात?" आता गाडी चालवणारा माणूस मागं वळून बायकोचा कान कसा बघणार? पुलाच्या पलीकडं गाडी थांबवली, बघितलं, होता. हेल्मेट घातलेलं असलं की ते काढताना वेगळी गंमत. पट्टा सोडायच्या आधी दोन्ही हात कानांवर, मग हेल्मेट हळूहळू वर, मग हेल्मेटच्या आत बघायचं काही पडलंय का.

सराफाकडे नेलं. त्यानं पक्कडीनं पाकळ्या जवळ घेतल्या आणि एकदम घट्ट करून दिलं. दोन महिने बरं गेलं, मग पुन्हा तेच. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, यात सराफाचा दोष नाही. पुशची सगळी मदार त्या दोन पाकळ्यांच्या स्प्रिंगवर असते. रोज काढा-घाला केली की त्या रोज केसभर उघडतात. १८ कॅरट सोनं २२ पेक्षा कडक असतं, म्हणून तर हिरा धरून ठेवणारे काटे त्यात करतात, पण झालं तरी ते सोनंच, स्प्रिंगचं पोलाद नव्हे. तिसऱ्या खेपेला त्यानं सिलिकॉनची पारदर्शक बुचं दिली. ती खरंच चांगली बसतात. फक्त महिन्याभरात पिवळी पडली, त्यातलं एक बाथरूमच्या जाळीत गेलं.

खरं सांगायचं तर सव्वा वर्षात टॉप्स एकदाही पडला नाही. कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? तक्रार हीच. हिरा जागेवर होता, जीव मात्र जागेवर नव्हता. पुढं मिरजेत तिच्या मामेबहिणीचं लग्न झालं आणि अल्बम घरी आला. अक्षता पडतायत, सगळ्यांचे हात वर, हिचा हात कानाला. पंगतीत वाढतानाचा फोटो, एका हातात जिलबीचं ताट, दुसरा कानाला. शेवटच्या ग्रुप फोटोत तर दोन्ही हात कानांना, एखाद्या देवासमोर चूक कबूल करत असल्यासारखे. आम्ही हसलो खूप, पण त्याच आठवड्यात मी टॉप्स घेऊन पुन्हा सराफ कट्ट्यावर गेलो.

फिरकी करणं म्हणजे नुसतं मागचं बूच बदलणं नाही. दांडीलाच आटे हवेत. माळ्यावर बसणाऱ्या बंगाली कारागिरानं खडे आधी काढून बाजूला ठेवले, जुनी दांडी कापली, आटे असलेली नवी दांडी डाक देऊन जोडली, घासली आणि मग खडे परत बसवले. खडे तसेच ठेवून आच देणारेही असतात, म्हणून मी समोर बसून राहिलो. कापलेल्या दांड्या आणि ती दोन फुलपाखरं मोडीत गेली. तुकडा गुंजभराचा, पण सराफानं काट्यावर घातला, घट धरली, बिलात वळता केला. आमच्या जिल्ह्यातल्या विटा-खानापूरची माणसं भारतभर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, भट्ट्या लावून बसली आहेत, इथं सोन्याचा कण वाया जात नाही.

आता फिरकीचे दोष, कारण तेही सोसतोय.

पहिला म्हणजे वेळ. घाईत आटे तिरपे चढतात. मग उलटं फिरवायचं, पुन्हा लावायचं, तेवढ्यात ती मोहरीएवढी फिरकी बोटांतून सुटते आणि टण्‌कन कुठंतरी जाते. बेसिनसमोर उभं राहून फिरकी लावायची नाही, हा आमच्या घरात आता नियम आहे. पलंगावर टॉवेल पसरून त्यावर बसून लावायची. नखं वाढवलेली असली किंवा बोटांची सांधेदुखी असली तर हे काम जिकिरीचंच. आमच्याकडे पंधरा दिवसांनी टॉप्स धुवायला काढले की परत लावायचं काम माझ्याकडे येतं. दिवसभर कारखान्यात आटे, घरी आल्यावर परत आटे.

दुसरा दोष मळाचा. साबण, तेल आणि घाम आट्यांत बसून काळा थर होतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि जुन्या टूथब्रशनं घासायचं. आळस केला तर काय होतं ते आईच्या वेळी बघितलंय. तिचं ऑपरेशन मिरजेला ठरलं, सिस्टर म्हणाल्या अंगावरचं सगळं सोनं काढा. आईच्या कुड्यांची फिरकी कानात गेली ती बहुतेक माझ्या मुंजीत, त्यानंतर कोणी हलवलीच नव्हती. खोबरेल तेल झालं, साबणाचं पाणी झालं, शेवटी दोऱ्याचा फास घालून फिरवली तेव्हा पाऊण तासानं सुटली. आई म्हणाली, "ऑपरेशन परवडलं."

तिसरं, फिरकी आवळायची हौस. शेवटपर्यंत पिळली की पाळी दाबली जाते, दोन दिवसांत लाल होते. टेकली की अर्धा आटा मागं घ्यायची, बस. झोपताना मात्र फिरकी बरी. मागची चकती चपटी असल्यानं उशीवर टोचत नाही, केस ओढत नाही. शिवाय चकती थोडी मोठी करून घेतली तर पाळीला मागून आधार मिळतो आणि खडा पुढं वाकून जमिनीकडे बघत नाही.

घ्यायला जाल तेव्हा एक करा. तिच्या जुन्या कानातल्यांपैकी एक गुपचूप खिशात घाला. मी कारखान्यात नेऊन दांडीचं माप घ्यायला व्हर्नियरच लावला होता, पण सराफाला नुसतं दाखवलं तरी चालतं. कारण फिरकीतही दोन जाती आहेत. जाड दांडीची ती साउथ स्क्रू, बारीक दांडीची बॉम्बे स्क्रू. लहानपणी सोनारानं तारेनं टोचलेला कान आणि मोठेपणी गनने टोचलेला कान यांत फरक असतो, जाड दांडी बारीक भोकात बायकोचा वाढदिवस रडवते. आणि दुकानात फिरकी स्वतःच्या बोटांनी लावून बघा. चार-पाच फेरे न अडखळता गेली पाहिजे, शेवटी डुगडुगता कामा नये. मग डावीची उजवीला आणि उजवीची डावीला लावून बघा. हातानं पाडलेले आटे कधी कधी फक्त आपापल्या दांडीलाच जमतात. तसं असेल तर एकीवर खूण करून मागा.

बिलात सोन्याचं आणि खड्यांचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. अर्धा कॅरट म्हणजे ०.१ ग्रॅम. हे वजन सोन्यातून वजा झालं नाही तर तोळ्याला लाख भाव धरूनही १८ कॅरटचे साडेसातशे रुपये उगाच जातात. हॉलमार्कचा ७५० आकडा (म्हणजे १८ कॅरट) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा, १ एप्रिल २०२३ पासून तो लागतोच. मात्र दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला ही सक्ती नाही, आणि बारीक टॉप्स नेमके त्याच हद्दीत येतात. फिरकीचे टॉप्स पुशपेक्षा थोडे वजनदार, म्हणजे थोडे महागही. तेवढं धरून चला.

ज्यांना रोज साडीला जुळेल असं वेगळं कानातलं लागतं त्यांना पुश सोयीचं, यात वादच नाही. फिरकीनं त्यांचा जीव जाईल. आमची ही तशातली नाही, हिला एकदा घातलं की विसरायचं असतं. तुमच्याकडचं तुम्हाला माहीत.

गेल्या महिन्यात आमच्या साडूंचा फोन आला. त्यांच्या लग्नाला दहा वर्षं होतायत, टॉप्स घ्यायचेत, दुकानात पुशचे तयार आहेत आणि फिरकीला आठ दिवस लागतील म्हणतायत, काय करू? मी म्हटलं, दोन्ही चांगले असतात, आपापली आवड. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा चहा व्हायच्या आत कपाटातून मिरजेच्या त्या लग्नाचा अल्बम काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

पंगतीच्या पानापर्यंत आले आणि त्यांनी विचारलं, "हिचा कान दुखत होता काय त्या दिवशी?"