उत्पन्नाचा दाखला आणि सरकारचा अधिकार : ‘आपले सरकार’ सेवेचे परीक्षण

‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून आणि गावोगावच्या सेवा केंद्रांतून मिळणाऱ्या दाखल्यांबद्दल बोलताना लोक बहुधा दोनच गोष्टी सांगतात : किती दिवस लागले आणि किती पैसे गेले. या दोन्ही बाबतींत ही सेवा पूर्वीच्या तहसील कचेरीतील हेलपाट्यांपेक्षा बरीच सुधारली आहे, हे सुरुवातीलाच नोंदवतो. मात्र या सेवेच्या पाठीशी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा कायदा आहे, आणि सरकार कशासाठी असते व अधिकाऱ्याच्या सहीला वजन कुठून येते, याबद्दल त्या कायद्याने काही ठाम भूमिका घेतल्या आहेत. त्या भूमिका खिडकीपर्यंत कितपत पोहोचतात, यावरच या सेवेचे मोल ठरवावे, असे मला वाटते.

राज्याने लोककल्याणासाठी झटावे, असे संविधानाचा अनुच्छेद ३८ सांगतो. पण त्याच्या अगोदरचाच अनुच्छेद ३७ म्हणतो की राज्याला घालून दिलेली ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत. म्हणजे कल्याण हे सरकारचे कर्तव्य खरे, पण त्यासाठी नागरिकाने दावा सांगावा असा तो हक्क नव्हे. महाराष्ट्रात २००५ साली दफ्तरदिरंगाईविरुद्ध कायदा झाला आणि कोणत्याही कर्मचाऱ्याने फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ अडवू नये, असे त्यात लिहिले गेले. तरी तो मुख्यतः सरकार आणि त्याचा नोकर यांच्यातील शिस्तीचा मामला राहिला. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवांच्या हमीचा कायदा करून वाट दाखवली आणि २८ एप्रिल २०१५ पासून आपल्याकडेही पात्र व्यक्तीला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क आला. कलम ४ मध्ये हा हक्क देतानाच ‘कायदेशीर, तांत्रिक व आर्थिक व्यवहार्यतेच्या अधीन’ अशी पाचर मारून ठेवली आहे, हे मात्र विसरू नये. सरकार स्वतःवर बंधन घालून घेते तेव्हा निसटायला एक खिडकी बहुधा उघडी ठेवते.

प्रत्यक्ष अनुभव सांगायचा तर भाच्याच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. शिक्षण शुल्काच्या राज्य शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असल्याचे दाखवावे लागते, आणि त्यासाठी तहसीलदाराच्या दाखल्यावाचून चालत नाही. अर्जासोबत शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र चालले. ही सवलतही २०१५ सालचीच. नागरिक खरे बोलतो असे धरून चालायचे आणि खोटे निघाल्यास कारवाई करायची, ही उलटी झालेली रीत मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते. अर्ज भरताच क्रमांक असलेली पावती मिळाली आणि तो क्रमांक टाकला की अर्ज कारकुनाकडे आहे, नायब तहसीलदारांकडे आहे की आणखी वर गेला आहे, हे घरबसल्या दिसू लागले. ‘साहेब मीटिंगला गेलेत’ या वाक्यावर पूर्वी अख्खा दिवस निघत असे. आता निदान कोणत्या टेबलावर कागद थांबला आहे, हे लपवता येत नाही.

तरीही पंधरा दिवसांची मुदत सरता सरता अर्ज नामंजूर झाला आणि कारणाच्या रकान्यात ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच दोन शब्द आले. नेमके कोणते कागद, याचा पत्ता नाही. येथे सेवेचा खरा कस लागतो. अर्ज नाकारायचा तर कारणे लेखी नोंदवावीत, अर्जदाराला ती कळवावीत, शिवाय अपील किती दिवसांत व कोणाकडे करायचे तेही सांगावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. अधिकाऱ्याला नकार देण्याचा अधिकार आहेच, आणि तो असायलाही हवा, नाहीतर दाखल्याला काही किंमतच उरणार नाही. पण तो अधिकार त्याच्या खुर्चीला लोकांकडून, कायद्यामार्फत आलेला आहे आणि म्हणून त्याचा हिशेब कारणाच्या रूपाने द्यावा लागतो. कारण न देता दिलेला नकार आणि वतनदाराची मर्जी यांत मग फारसे अंतर राहत नाही.

याच सरकारची दुसरी सेवा पाहिली तर फरक लक्षात येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपये भरून मिळतो, आणि तेथे कोणाची मनधरणी करावी लागत नाही. सातबारा ही असलेल्या नोंदीची प्रत असते. उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र चौकशी, तलाठ्याचा अहवाल आणि अधिकाऱ्याचे मत येते. जेथे मत आले, तेथे विवेकाधिकार आला, आणि तेथेच मधल्या माणसांचे पोट भरते. सगळे ऑनलाइन केले की भ्रष्टाचार संपतो, या घोषणेवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही. संगणकाने रांग हटवली, मताचा प्रश्न तेथेच आहे.

अपिलाची माहिती घ्यायला कचेरीत गेलो. कायद्यानुसार सेवांचा फलक दर्शनी भागात हवा, आणि तो होताही : सेवेचे नाव, लागणारी कागदपत्रे, शुल्क, मुदत, पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा देण्यास नेमलेला) अधिकारी, असे रकाने निळ्या रंगात छान रंगवलेले. उजवीकडच्या दोन रकान्यांपुढे मात्र लोखंडी कपाट उभे होते. ते रकाने प्रथम आणि द्वितीय अपिलीय प्राधिकाऱ्यांचे. कपाट मुद्दाम तेथे ठेवले असेल असे मी म्हणत नाही. जागा अपुरी असते हे मलाही दिसते. पण कपाट सरकवायचे तर ते शुल्काच्या रकान्यापुढे कोणी सरकवले नाही, एवढे खरे.

अपिलाची रचना हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. नकार मिळाल्यापासून किंवा मुदत उलटल्यापासून तीस दिवसांत पहिले अपील करायचे, त्यावर तीस दिवसांत निर्णय व्हायचा; दुसऱ्या अपिलाला पंचेचाळीस दिवस आणि तिसऱ्याला, म्हणजे राज्य सेवा हक्क आयोगापुढे, नव्वद दिवस. निर्णयाच्या मुदतीच तेवढ्या जोडल्या तरी पाच महिन्यांच्या वर जातात, आणि प्रवेशाची फेरी कोणासाठी थांबत नाही. त्यातही पहिली दोन्ही अपिले त्याच यंत्रणेतील वरिष्ठांकडे जातात. आपल्याच हाताखालच्या माणसाची चूक मान्य करणे कोणत्याही साहेबाला अवघड जाते. स्वतंत्र कान मिळतो तो तिसऱ्या पायरीवर. आयोगाचे पहिले मुख्य आयुक्त स्वाधीन क्षत्रिय हे राज्याचे मुख्य सचिव राहिलेले होते. प्रशासनाच्या खाचाखोचा जाणणारा माणूस तेथे असावा हे समजण्याजोगे आहे, पण एखादी जागा प्रशासनाबाहेरच्या व्यक्तीसाठी राखली असती तर लोकांचा भरवसा वाढला असता. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ही रक्कम त्याच्या खिशाला जाणवण्याइतकी मोठी नसली तरी ती त्याच्या पगारातून जाते आणि नोंद होते, म्हणून कचेरीत तिची धास्ती आहे.

ती धास्ती मला उपयोगी पडली. पहिले अपील दाखल केले, आणि सुनावणीची तारीख येण्यापूर्वीच दाखला डिजिटल स्वाक्षरीसह पडद्यावर हजर झाला, नवा एकही कागद न जोडता. त्यामुळे आधी नेमके काय अपूर्ण होते, हे कोडे कायम आहे.

सेवा वापरण्याजोगी आहे आणि मध्यस्थाशिवाय वापरता येते. नवे आर्थिक वर्ष लागताच एप्रिलमध्ये अर्ज करावा, कारण जून-जुलैत निकालांनंतरच्या गर्दीत यंत्रणा दमते. पावती जपून ठेवावी. अर्ज नामंजूर झाला तर ‘नवीन भरून टाकू’ हा केंद्रचालकाचा सल्ला घाईने मानू नये. नव्या अर्जाबरोबर पंधरा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात, केंद्राला शुल्क दुसऱ्यांदा मिळते, आणि आधीच्या नकाराचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.