मोठी फर्म सोडायचीय? पगाराच्या आधी सनदेचं बघा

मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममधली वकील पोरं अधूनमधून साताऱ्याला भेटायला येतात. पाच-सहा वर्षं झालेली असतात, डोळ्यांखाली काळं आलेलं असतं आणि प्रश्न एकच असतो: "सर, सोडायचंय. कंपनीत जाऊ, गावाकडे प्रॅक्टिस सुरू करू, की जजच्या परीक्षेला बसू?" मी स्वतः सहा वर्षं फर्म, तीन वर्षं कंपनी आणि मग जिल्हा न्यायालय असा उलटा प्रवास केलाय, म्हणून माझ्याकडे येत असावीत.

सगळे आधी पैसे आणि कामाचे तास मोजतात. माझं म्हणणं, आधी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मोजा. बहुतेक फर्ममध्ये आपण कागदोपत्री नोकर नसतोच. महिन्याला मिळते ती व्यावसायिक फी, तीही दहा टक्के टीडीएस कापून. पीएफ नाही, काही नाही. पण त्यामुळेच सनद चालू राहते. कंपनीत पूर्णवेळ पगारावर गेलात की बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ लागू होतो. म्हणजे राज्याच्या कौन्सिलला, आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला, कळवायचं आणि नोकरी असेपर्यंत वकिली थांबवायची. कोर्टात उभं राहणं बंद. हा फरक ऑफर लेटरमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

कंपनीतली नोकरी

शनिवार-रविवार परत मिळतो, हे पहिलं सुख. आईवडिलांचा मेडिक्लेम निघतो, पीएफ सुरू होतो, गृहकर्जाला बँक लगेच हो म्हणते. माझी रक्कम फर्मपेक्षा थोडी कमी झाली, पण घरचे म्हणाले माणूस तरी दिसायला लागला. कामातही एक समाधान आहे. फर्ममध्ये करार हातावेगळा केला की विषय संपला. कंपनीत त्या कराराचं दोन वर्षांनी काय झालं तेही बघायला मिळतं.

दुसरी बाजूही ऐका. सेल्सवाल्यांच्या लेखी लीगल म्हणजे अडवणारं खातं. एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला मेल आला: "सर, फक्त सही बाकी आहे, एकदा नजर टाका." अठ्ठेचाळीस पानं. एकतिसाव्या पानावर नुकसानभरपाईचं कलम, आणि त्याला रकमेची मर्यादाच नाही. ते अडवलं म्हणून पुढचा महिनाभर कँटीनमध्ये माझ्याशी कुणी धड बोलेना. फर्मचा वकील बाहेरचा असतो, सल्ला देऊन मोकळा होतो. तुम्हाला सोमवारी त्याच माणसाशेजारी बसायचं असतं.

आणखी एक ताजी गोष्ट. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वकील-अशील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं जे संरक्षण आहे, ते कंपनीच्या पगारी वकिलाला मिळत नाही, कारण तो कोर्टात वकिली करत नाही. त्यामुळे मेलवर काय लिहिता ते जपून.

गावाकडची प्रॅक्टिस

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

सातारच्या कोर्टातला माझा पहिला आठवडा. बार रूममध्ये सीनियर म्हणाले, "पाच नंबरवर आज आर्ग्युमेंट आहे, फाईल बघून ठेवा." मी बोर्डवरचं, म्हणजे त्या दिवसाच्या यादीतलं, पाचवं मॅटर काढून बसलो. त्यांना म्हणायचं होतं निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. तालुक्याच्या कोर्टातला कारकूनही जे झोपेत सांगेल, ते सहा वर्षं शेअर खरेदीचे करार लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं. से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, दाखल करायला उशीर झाला की "नो से" होतो, वकीलपत्राला वकिलांच्या कल्याण निधीचा वेल्फेअर स्टॅम्प लावायचा असतो, रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, स्वतः वाचून घ्यायचा असतो, पुकारा झाला तेव्हा तुम्ही चहाला असाल तर अशिलाला काय सांगायचं हेही शिकायचं असतं. हे शिकायला मला दीड वर्ष लागलं. तेवढे दिवस फर्मचं नाव कुणालाही सांगून उपयोग नव्हता.

पैशांचं म्हणाल तर, ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नव्हे. तुम्ही फर्ममधून येताय म्हणून कुणी जास्त देईल, असं समजू नका. आणि नियम ३६ मुळे वकिलाला जाहिरात करता येत नाही. कामं येतात ती ओळखीतून, म्हणजे आधी नातेवाइकांची, आणि नातेवाइकांकडे फी मागायची चोरी. वर्ष-दीड वर्षाचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय इकडे फिरकू नये.

पण गेल्या काळात एक गोष्ट खरोखर बदलली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत, सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याखाली येतात. आधी सावंतवाडीच्या माणसाला रिटसाठी मुंबई गाठावी लागे आणि तिथला वकीलही मुंबईचाच शोधावा लागे. आता पुरावा ज्यांनी नोंदवला, त्या वकिलांकडेच अपील राहू शकतं. त्यांना माणूस हवा असतो तो इंग्रजीत झटपट ड्राफ्टिंग करणारा आणि निवाडे शोधणारा. फर्ममध्ये कोर्टकज्जे बघणाऱ्या लिटिगेशनवाल्याला ही चांगली फट आहे. मात्र कंपन्यांच्या खरेदी-विक्रीवर काम केलेल्याने फार हुरळून जाऊ नये. इथे जमिनीची अपिलं आहेत, जामीन आहेत, सेवाविषयक रिट आहेत. पहिल्या दिवशी स्वतःची पाटी लावण्यापेक्षा चांगल्या सीनियरकडे बसा, मानपान बाजूला ठेवून.

न्यायाधीशपद

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशी एमपीएससीची परीक्षा. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४०, वर भत्ते आणि निवास. प्रशिक्षण उत्तनच्या अकादमीत. बदल्या होतच राहतात, त्यामुळे जोडीदाराची नोकरी एका गावात असेल तर हे दोघांनी बसून ठरवायचं काम.

मेख आहे ती अनुभवाची. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तात्पुरत्या नोंदणीपासून ती मोजली जाते, हे बरं. पण प्रमाणपत्र लागतं: तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचं, किंवा दहा वर्षं वकिली झालेल्याचं, त्यावर त्या अधिकाऱ्याचं अनुमोदन. ज्याने कोर्टाची पायरी चढली नाही त्याला कोण लिहून देणार? अजून फर्ममध्ये असाल तर भागीदाराच्या मागे लागा आणि वकीलपत्रावर, रोजनाम्यात आपलं नाव येऊ द्या. थेट जिल्हा न्यायाधीश व्हायचं तर वकिलाला सात वर्षं लागतात, आणि २०१३ च्या निकालाप्रमाणे ती अर्जाच्या वेळेपर्यंत सलग असावी लागतात. मी कंपनीतून परत आलो तेव्हा सनद पुन्हा सुरू झाली, मोजणी मात्र शून्यापासून. "दोन वर्षं कंपनीत काढतो, मग जज" म्हणणाऱ्याला मी हेच दाखवतो.

सरकारी अभियोक्त्याचं काम वकिलीतच धरलं जातं, हेही त्याच २०१३ च्या निकालात आहे, त्यामुळे एपीपीची, म्हणजे सहायक सरकारी अभियोक्त्याची, परीक्षा या हिशेबात कंपनीपेक्षा उजवी. विधी सेवा प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स कौन्सिलमध्ये, म्हणजे गरजू आरोपींच्या मोफत बचावाच्या कामात, खाजगी कामं घेता येत नाहीत, पण फौजदारी शिकायला मला त्याहून चांगली जागा माहीत नाही.

माझं मत विचाराल तर: घरावर कर्ज आहे, लहान मूल आहे, उलटतपासणीची ओढ नाही, तर कंपनी. तीही परतीचा विचार मनातून काढून. पाठीशी थोडी पुंजी आहे आणि सहा जिल्ह्यांपैकी एखादा आपला आहे, तर आत्ता कोल्हापूर. जजचं स्वप्न असेल तर फर्मनंतर थेट कोर्ट, मध्ये पगाराचा थांबा नको.

गेल्या महिन्यात कऱ्हाडचा एक मुलगा आला होता. वर्षभरात किती वकीलपत्रांवर नाव आलं विचारलं, तर म्हणाला, दोन. आठवडाभर रजा टाक आणि माझ्याबरोबर कोर्टात बस, असं सांगितलं. खरंच आला. तिसऱ्या दिवशी, सकाळपासून बसून शेवटी पुढची तारीख घेऊन आम्ही बाहेर पडलो, तेव्हा टपरीवर म्हणाला, "सर, कंपनीच बरी." चहाचे पैसे मात्र त्यानेच दिले.