बोटीच्या गाद्यांची बुरशी काढून देतो म्हणाला आणि ७९,२६० रुपये घेऊन गेला

पावसाळा महिनाभरावर आला. नागपूरच्या आसपासच्या तलावांवर ज्यांच्या बोटी आहेत ते आता ताडपत्र्या शोधायला लागतील. सप्टेंबरात त्याच ताडपत्र्या काढल्या की काळ्या ठिपक्यांनी भरलेल्या गाद्या बघून कपाळाला हात लावतील. नेमका त्या वेळी तो माणूस येतो. माझ्याकडे आला होता. आठ महिने मी हे कोणाला धड सांगितलं नाही. घरीसुद्धा अर्धाच आकडा सांगितला होता. आज पूर्ण सांगतो.

रामटेकच्या बाजूला एका तलावावर माझ्या तीन बोटी आहेत. दोन आठ-आठ सिटांच्या मोटरबोटी आणि एक मोठी, अठरा सिटांची. मिळून ३४ गाद्या. सतरा वर्षं हा धंदा करतोय, त्यामुळे गाद्यांना बुरशी लागते हे मला गेल्या वर्षी कळलं असं नाही. लोक ओल्या कपड्यांनी बसतात, चिवडा सांडतात, संत्र्याच्या साली सिटांच्या फटीत कोंबतात. घामाचा, डोक्याच्या तेलाचा थर रेक्झिनवर बसतो, आणि बुरशीला तेवढं खाणं पुरतं. वरून जुलै-ऑगस्टची दमट हवा. दरवर्षी आम्ही गाद्या काढून शेडमध्ये उभ्या करून ठेवतो. गेल्या वर्षी वादळात शेडचे पत्रे उडाले, म्हणून गाद्या बोटीतच राहिल्या आणि वरून प्लास्टिकची ताडपत्री आवळून बांधली. हवा खेळायला बोटभर जागा ठेवली नाही. ही चूक माझी. ती मी त्याच्या माथी मारत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पोरं मारबतीची मिरवणूक बघायला इतवारीत पळाली होती. मी एकट्याने दोऱ्या सोडल्या. आतून कुबट वासाचा असा भपका आला की तोंड फिरवावं लागलं. शिवणीच्या कडेने पांढरी लव, पाठीच्या गाद्यांवर काळे ठिपके, आणि मोठ्या बोटीच्या सहा-सात गाद्यांवर गुलाबी डाग. दसरा-दिवाळीचा सीझन तोंडावर. आमची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत होते. घाई माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

ओळखीच्या एका डेकोरेशनवाल्याने त्याचा नंबर दिला. दुसऱ्याच दिवशी हजर. स्वच्छ शर्ट, हातात फाईल, बोलणं गोड. मोबाइलवर फोटो दाखवले आणि म्हणाला, "काका, २०२३ च्या २३ सप्टेंबरला अंबाझरी तलाव ओसंडला ना, तेव्हा लेआउटमधल्या लोकांचे सोफे मीच वाचवले." त्या पुराचं नाव घेतलं की नागपूरचा माणूस मऊ पडतो. त्या पहाटे शहरातल्या रस्त्यांवरून बोटीने माणसं बाहेर काढली होती, तळमजल्यावरचं एक फर्निचर धड राहिलं नव्हतं. ज्याने तिथे काम केलं त्याला भिजलेल्या फोमचं कळत असेल, असं मी धरून चाललो. फोटोतला एकही पत्ता विचारला नाही.

भाव ठरला गादीमागे १,८५० रुपये. ३४ गाद्यांचे ६२,९००. "जहाजात वापरतात ते कोटिंग आहे, तीन वर्षं बुरशी परत आली तर पैसे परत, लिहून देतो." अर्धे, म्हणजे ३१,४५०, आगाऊ घेतले. दोन दिवसांनी फोन आला, केमिकल मुंबईहून मागवावं लागतं, त्याचे वेगळे १४,००० पाठवा. पाठवले. ही वाढीव मागणी कशाची खूण असते हे तुम्हाला सांगायला नको, मलाही माहीत होतं. पण एकदा ३१,४५० अडकले की माणूस ते वाचवायला पुढचे पैसे घालतो.

दोन पोरं आली. एक निळा कॅन, त्यावर लेबल नाही. झाकण उघडलं की पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास. साधं ब्लीच होतं ते, आता पैजेवर सांगतो. पुसलं की डाग डोळ्यांदेखत जायचे, कारण ब्लीच रंग उडवतं. शिवणीच्या खाली, फोममध्ये जी बुरशी मुरलेली असते तिला वरचं पुसणं पोचतच नाही. मग वरून एक चकाकीचा स्प्रे. गादी नवीन दिसायची.

आता ती वेळ सांगतो. अजून रात्री झोपेतून उठवते.

तिसऱ्या दिवशीची दुपार. मोठ्या बोटीतली एक गादी 'तयार' म्हणून बाजूला ठेवली होती. पलीकडचं काही घ्यायला मी तिच्यावर गुडघा टेकला. मागच्या बाजूला, जिथे रेक्झिन प्लायला स्टेपल पिनांनी ठोकलेलं असतं, तिथून पाणी आलं. दोन थेंब, मग बारीक धार. तो शेजारीच उभा होता. लगेच म्हणाला, "केमिकल आहे ते काका, मुरायला वेळ लागतो." मी बोट लावून वास घेतला. केमिकलचा वास नव्हता. तलावाच्या तळच्या चिखलाचा वास होता. सतरा वर्षं नाकात बसलेला वास. मला तो ओळखता येणार नाही का? ओळखला. पिना गंजून लाल झालेल्या दिसल्या, त्याही पाहिल्या. आणि मी बोट पँटला पुसून गप्प राहिलो.

का गप्प राहिलो? कारण त्याच सकाळी माझ्या पोरांसमोर मी त्याच्या कामाची तारीफ केली होती. कारण पैसे गेले होते. कारण दसऱ्याला बोट पाण्यात घालायची होती. हातात फाईल घेऊन ठामपणे बोलणाऱ्या माणसापुढे भलेभले गप्प होतात, मी काही जगावेगळा नाही. पण त्या क्षणी 'पिना काढ, फोम दाखव' एवढे चार शब्द बोललो असतो तर उरलेले ३१,४५० तरी वाचले असते. ते मी त्याच संध्याकाळी दिले. वर 'वॉरंटी कार्डाची नोंदणी' म्हणून २,००० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, २,३६०. एकूण ७९,२६०.

अकराव्या दिवशी काळे ठिपके परत आले, आधी शिवणीतून. तिसऱ्या आठवड्यात एका बाई बसल्या आणि गादीची शिवण टर्रकन उसवली. माझ्या जुन्या गाद्या सुती दोऱ्याने शिवलेल्या होत्या, आणि ब्लीच सुती दोरा खातं. नायलॉनचाही खातं. रेक्झिनही कडक होऊन कोपऱ्यांना तडकायला लागलं. फोन केला, बंद. दुसरा नंबर, बंद. बिलावरच्या कामठी रोडच्या पत्त्यावर गेलो, तिथे पंक्चरचं दुकान. दुकानवाला म्हणाला, "त्याले शोधत येणारे तुमी तिसरे हा."

मग मी ज्यांच्याकडे पहिल्याच दिवशी जायला हवं होतं त्यांच्याकडे गेलो, सीट शिवणारे आमचे जुने चाचा. त्यांनी काही विचारलं नाही. ब्लेडने शिवण कापली आणि फोम बाहेर ओढला. चहात बुडवलेल्या पावासारखा तो त्यांच्या हातात तुटला. खालचा प्लाय काळा, नखाने सालपटं निघत होती. चाचा एवढंच म्हणाले, "भैया, अंदर गीला है तो ऊपर क्या लगाओगे?"

३४ पैकी १९ गाद्या फेकण्याच्या लायकीच्या निघाल्या. नवा फोम, नवं रेक्झिन, पॉलिस्टरचा दोरा, खालच्या प्लायला पाणी निथळायला भोकं, गादीमागे २,६००, म्हणजे ४९,४००. उरलेल्या १५ आम्ही हाताने वाचवल्या. फोम काढून कडक उन्हात पूर्ण वाळवला. रेक्झिन मऊ ब्रशने, साबणाच्या पाण्याने, मग पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसून, धुऊन, सावलीत वाळवलं. कोरडी बुरशी घासताना तोंडाला मास्क लावा, ती उडून छातीत जाते. आणि व्हिनेगर कधीही ब्लीचमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो. त्या पोरांनी बंद ताडपत्रीखाली काय काय मिसळलं असेल कोण जाणे, एकजण खोकत बाहेर पळाला होता. तेव्हा मला त्याची काळजी वाटली, शंका आली नाही.

गुलाबी डागांचं वेगळं. ते वरचे नसतातच. रेक्झिन मऊ राहावं म्हणून त्यात जे प्लास्टिसायझर घालतात त्यात सूक्ष्मजीवांचा रंग विरघळतो, आणि तो पुसून निघत नाही. 'गुलाबी डाग शंभर टक्के घालवतो' असं जो म्हणेल त्याला तिथूनच परत पाठवा.

आता पोलिसांचं. बोटी ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, पैसे मी शहरातल्या घरी बसून पाठवले. ग्रामीणवाले म्हणाले शहरात जा, शहरवाले म्हणाले घटना तिकडची, तिकडे जा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये सरळ लिहिलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची. मी हे छापून नेलं. समोरच्याने कागद न वाचता परत केला आणि विचारलं, "बोटीत गाद्या कायले लागतात?" चार जण हसले. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, फाटकी गादी काखेत घेऊन उभा, आणि चार जण हसले. तिसऱ्या फेरीला सांगण्यात आलं, हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. खोटा पत्ता, खोटं बिल, तीन-तीन माणसं शोधत फिरताहेत, तरी दिवाणी! बिलावरचा जीएसटी नंबर तेव्हा मी पहिल्यांदा मोजला. १५ अक्षरं लागतात, त्यावर १४ होती. जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं, पैसे देण्याआधी टाका. ही गोष्टही मी त्यांच्यापुढे ठेवली. "बरं केलं मोजलं" म्हणाले. पाचव्या फेरीला अर्जावर शिक्का मिळाला. नुसता शिक्का, गुन्हा नाही. बँकेने सांगितलं, पैसे पाठवताना पिन तुम्हीच टाकला, आमचा संबंध नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी, तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात गोठण्याची शक्यता असते. मी तीन आठवड्यांनी केला. तुम्ही वाट बघू नका.

ग्राहक तक्रारीसाठी गेलो तिथे टेबलावरच्या माणसाने वर न बघता सांगितलं, तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक होत नाही. इतकं सरळ नाही ते. पोट भरण्यासाठी स्वतः राबून केलेल्या रोजगाराकरता घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत, हे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच आहे; सेवेलाही तेच लागू व्हावं, असं माझं म्हणणं. मी स्वतः इंजिन चालू करतो, स्वतः तिकीट फाडतो. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हेही त्याने सांगितलं नाही. एका वकिलाकडून कळलं. त्यांना १,५०० दिले. तक्रार दाखल केली आहे, पण नोटीस बजावायची कुठे? पंक्चरच्या दुकानात?

यंदा गाद्या शेडमध्ये आहेत. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, उभ्या, दोन गाद्यांमध्ये हात जाईल एवढी जागा. बोटींवर कापडी कव्हर, मध्ये बांबूचा टेकू, म्हणजे पाणी साचत नाही आणि कडेने वारा जातो. दर आठ दिवसांनी ऊन पडलं की कव्हर उघडायचं. त्याला रुपयाही लागत नाही.

फेकायच्या त्या १९ गाद्या मात्र मी फेकलेल्या नाहीत. ठाण्यातल्या एकाने सांगितलं होतं, पंचनामा होईल, जपून ठेवा. शेडच्या मागे ढीग आहे. उन्हाळ्यात वाळून कडक झाला, वास अजून गेलेला नाही. आठ महिन्यांत बघायला कोणी आलेलं नाही. गेल्या सोमवारी मी त्यावर ताडपत्री टाकली, कडा उघड्या ठेवून.